लाखाचे बारा हजार

विमागणितशास्त्र म्हणजे माणसाचे मरण, आजारपण आणि म्हातारपण यांची संभाव्यता मांडून त्यांचा आजचा भाव ठरवणारे शास्त्र होय. व्याख्येत एवढे अशुभ भरलेले असूनही त्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला की घरोघर पेढेच वाटले जातात. या शास्त्राचा पाया असलेली आयुर्मान सारणी बहुधा एक लाख नवजात अर्भकांपासून सुरू होते, आणि त्यांतली दर वाढदिवसाला किती उरली याचा आकडा ओळीओळीने उतरत जातो. लाखाचे बारा हजार करणाऱ्याला मराठी भाषेने उधळ्या ठरवले असले, तरी येथे तेच काम पूर्ण प्रतिष्ठेने चालते. एडमंड हॅलीने 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशी सारणी रचून वार्षिकीची, म्हणजे हयात असेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, किंमत काढली. धूमकेतू परत येणार हे त्याने नंतर सांगितले, न परतणाऱ्यांचा हिशेब आधी पुरा केला.

चिन्हलिपीचे प्रकरण स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचे आहे. एकाच अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबे, पायाशी वय आणि शेजारी काटकोनात कोंडलेली मुदत असा हा थाट, काना-मात्रा-वेलांटीत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला परका वाटू नये. फरक इतकाच की वेलांटी चुकली तर अर्धा गुण जातो, आणि येथले टिंब चुकले तर वार्षिकीचा पहिला हप्ता वर्षारंभाऐवजी वर्षअखेरीस जातो.

खरी तोंडी परीक्षा मात्र लग्नाच्या पंगतीत होते, कारण विषयाचे नाव ऐकताच शेजारचे काका उजवा तळहात पुढे करतात. समूह जितका मोठा तितके सरासरीचे भाकीत खरे ठरते, या मोठ्या संख्यांच्या नियमानुसार लाखांतले किती जातील हे सांगता येते, काकांचे सांगता येत नाही, असा खुलासा विद्यार्थी करतो. त्यावर, गावचा जोशी हेच काम एका माणसावर आणि सव्वा रुपयात करतो, असा निकाल देऊन काका जिलबीकडे वळतात. पदवीनंतरही ॲक्च्युअरी म्हणवून घेण्यासाठी व्यावसायिक संस्थेच्या परीक्षांची रांग उरतेच, आणि तीत कित्येकांची उमेदीची वर्षे जातात.

एवढे शिकूनही विद्यार्थी स्वतःचा विमा उतरवायला टाळाटाळ करतो, कारण हप्त्यातला किती भाग मरणापोटी आणि किती कंपनीच्या खर्चापोटी, हे त्याला आता ठाऊक झालेले असते.