कच्चं बिल, पक्कं निमित्त

वर्षअखेर जवळ आली की नोकरदार मुलाला आईची फार आठवण येते. मदर्स डेला अजून अवकाश असतो, पण एचआरचा मेल आलेला असतो. 'करसवलतीसाठी घरभाड्याचे पुरावे तातडीने सादर करा.' मग रेव्हेन्यू स्टॅम्पची पट्टी निघते, आईला चष्म्यासकट टेबलाशी बसवलं जातं आणि बारा महिन्यांच्या बारा सह्या दहा मिनिटांत उरकतात.

भाडं किती? दरमहा ८,३००.

हा आकडा बाजारभावातून आलेला नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,३०० गुणिले बारा, ९९,६००. कोथरूड असो की कल्याण, टू बीएचके असो की गच्चीवरची खोली, आईचा दर ठरलेला. इतकं कडक भाडेनियंत्रण कुठल्याही सरकारला जमलेलं नाही.

आता यात बेकायदा काय? आईला भाडं देणं मुळीच बेकायदा नाही. घर तिच्या मालकीचं हवं, पैसे खरोखर तिच्याकडे जायला हवेत आणि ते उत्पन्न तिने दाखवायला हवं. म्हणजे पावती खरी करण्याचा साधासोपा मार्ग आहे. आईला पैसे द्यायचे!

एवढं सोडून सगळं सुचतं.

आणि टोकलंच कुणी, तर उत्तर तोंडपाठ असतं. "घरखर्च भागत नाही हो. फ्लॅटचा हप्ता, पोरांची फी, बाबांची औषधं. ओढाताण होते." होते ना. ओढाताण कुणाच्या घरी होत नाही? प्रश्न एवढाच, की जिथे ती सर्वात जास्त होते तिथे या पावत्या का फाटत नाहीत?

कारण तिथे प्राप्तिकरच नाही. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली की पावणेतेरा लाख. म्हणजे पगारावरचा प्राप्तिकर 'नाइलाजाने' चुकवणाऱ्याचा पगार महिना लाखाच्या वर आहे. लाखात एक नाइलाज म्हणायचा.

जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी झडती आणि पडताळणी मोहीम काढली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपले खोटे दावे गुपचूप मागे घेतले होते. एकूण १,०४५ कोटी रुपयांचे. भागाकार करा. माणशी अडीच लाखांहून जास्त.

एवढी ओढाताण परवडायला हातात तेवढं हवं.

खोट्या वजावटींत राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्याही होत्या. पद्धत सोपी. कधी न ऐकलेल्या पक्षाला चेकने दान द्यायचं, कमिशन कापून रोख परत घ्यायची, वजावट मात्र पूर्ण रकमेची. पक्षाचं नाव विचारा, दात्याला आठवत नाही. गुप्तदानाची थोर परंपरा आपण जपतोच!

बरं, पगाराचं सोडा. दुकानात चला. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करायच्यात, प्लायवूड बघून झालं. दुकानदार आवाज खाली आणतो, "पक्कं बिल करू? मग अठरा टक्के वर पडतील." साहेब बायकोकडे बघतात, बायको कॅल्क्युलेटरकडे. कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा येतो. ना दुकानाचं नाव, ना तारीख. सहा महिन्यांनी प्लाय फुगतो. साहेब चिटोरं घेऊन दुकानात. दुकानदार शांतपणे विचारतो, "बिल आहे का?"

आता एक फ्लॅट बघू. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. म्हणून महापालिकेच्या कागदावर मालकीणबाई स्वतः राहतात. मुलाच्या ऑफिसच्या कागदावर मुलगा तिथे भाड्याने राहतो. प्रत्यक्षात राहतात आयटीतली दोन पोरं, भाडं रोखीत. जनगणनेवाल्याने नेमकं काय लिहायचं?

"अहो, पण आधी खड्डे बुजवा, मग कर मागा!" आलंच हे वाक्य. खड्डे आहेत, टक्केवारी आहे, एकाच रस्त्याचं दोनदा डांबरीकरणही आहे. सगळं मान्य. पण खड्ड्यांच्या निषेधार्थ वाचवलेला कर कुणी रस्त्यासाठी बाजूला काढून ठेवलाय? तो गोव्याला जाऊन आला.

आणि दराचं रडगाणं तर नकोच. १९७३-७४ साली अधिभार धरून प्राप्तिकराचा वरचा दर ९७.७५ टक्के होता. शेवटच्या रुपयातले सव्वादोन पैसे हातात उरायचे. तेव्हाच्या चोराकडे निदान गणित होतं. आज मूळ दर ३० टक्क्यांच्या वर जात नाही. दर उतरले, सवय गादीवरून उठली नाही.

मग ओढाताण नेमकी कुणाची? आपल्याच सोसायटीच्या गेटवर बघा. वॉचमनचा पगार १० हजारांच्या वर गेला की महाराष्ट्रात व्यवसायकर पूर्ण दराने लागू. दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. वरच्या मजल्यावरच्या कंपनी डायरेक्टरलाही तेवढेच. २,५०० ही कमाल मर्यादा खुद्द राज्यघटनेत लिहिलेली आहे. समता हवी होती ना? घ्या.

धुण्याभांड्याच्या मावशींना तो कर नाही, महिलांना २५ हजारांपर्यंत सूट आहे. पण मोबाइलच्या रिचार्जवर त्या १८ टक्के जीएसटी भरतात. अंगाच्या साबणावरही १८ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. मावशींना सीए नाही, वजावट नाही, रिफंड नाही. आणि रिचार्ज कच्च्या बिलावर मिळत नाही.

म्हणजे ज्यांचं खरंच भागत नाही, ते बिनबोभाट भरतात. ज्यांचं भागून उरतं, ते 'भागत नाही' म्हणतात. शब्द मात्र मावशींचे वापरतात.

सरकारही काही कमी नाही. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत रातोरात क्यूआर कोड उतरले, 'फक्त रोख'च्या पाट्या चढल्या. दहा वर्षं 'डिजिटल व्हा' म्हणून ज्याच्या मागे लागलात, तो डिजिटल झाला आणि सापडला. मोठे मासे पोहायला शिकलेले असतात, खात्याला काठावरचेच दिसतात.

मोठे जे करतात त्याला करनियोजन म्हणायचं. मधले करतात ती ॲडजस्टमेंट. चहावाल्याने केली की चोरी.

त्यात महापालिकांची अभय योजना. वर्षानुवर्षं मिळकतकर थकवा, महिना दोन टक्क्यांनी शास्ती चढू द्या आणि स्वस्थ बसा. एक दिवस पालिकाच हात जोडून येते, शास्तीत घसघशीत माफी देते. मे महिन्यात रांगेत उभं राहून भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट. वेळेवर भरणाऱ्याला चॉकलेट, थकवणाऱ्याला सत्कार. मग माणसाने शिकायचं काय?

तेच शिकतो तो.

तरी एक हिशेब राहतोच. तुम्ही न भरलेला रुपया सरकार सोडून देत नाही. तो कुठून तरी वसूल होतो. कारखानदाराकडून? तो नियोजनात आहे. मग उरतं कोण? ज्याचा टीडीएस आधीच कापलाय तो, आणि जी रिचार्ज मारते ती. ओढाताण संपत नाही, ती शेजारच्या घरी पोहोचते.

आणि आता पकडले जाल हेही आहेच. तुमचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, फ्लॅटची खरेदी, सगळं खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आधीच छापलेलं असतं. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड. म्हणजे ओढाताणीसाठी आणखी एक हप्ता. तो भागवायला कुठली वजावट शोधणार?

घाबरू नका, त्यावरही इलाज निघालाय. कोपऱ्यावर 'हमखास रिफंड' मिळवून देणारा गृहस्थ बसतो. फी रिफंडच्या टक्केवारीत, आगाऊ आणि रोख. त्याच्याकडे पावती मागून बघा.

म्हणेल, "पावती हवी तर अठरा टक्के वर पडतील. माझंही घर आहे, साहेब."