जिवंत बोर्डाचा मृत्यूचा दाखला

श्री. इंजिनीअर साहेब यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाघोलीतल्या आमच्या घरी येऊन आपण ज्या वॉशिंग मशीनला मृत घोषित केलंत, ते या क्षणी ड्राय बाल्कनीत चादरी धुतंय. आपल्या कानावर घालावं म्हटलं.

'इंजिनीअर' हा शब्द माझा नाही. तो आपल्या कंपनीच्या फोनवरच्या बाईंचा. 'आमचे इंजिनीअर उद्या दहा ते सहा या वेळेत येतील,' असं त्यांनी सांगितलं, आणि मी रजा टाकली. दहा ते सहा म्हणजे पावणेसहा, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. फोनवर ऐकवलेल्या सतारीबद्दलही नाही.

घरात तेव्हा सुट्टीला आलेली चार भाचरं होती. मशीनमध्ये त्यांचे कपडे अर्धवट भिजून, साबण पिऊन, आदल्या दिवसापासून पडले होते. दार उघडलं की आंबट वास यायचा. मशीन सुरू केलं की ते थोडा वेळ गुणगुणायचं, पाण्याची करंगळीएवढी धार आत घ्यायचं, बराच वेळ वाट बघायचं आणि पडद्यावर दोन अक्षरं दाखवून गप्प बसायचं.

आपण आलात. बटण दाबलंत. अक्षरं बघितलीत. मोबाइलवर त्यांचा फोटो काढलात. मशीन भिंतीपासून वीतभरही पुढे ओढलं नाहीत, मागच्या पाइपला बोट लावलं नाहीत, नळाकडे तर बघितलंच नाहीत. चौथ्या मिनिटाला निदान आलं. 'मॅडम, पीसीबी गेलाय.'

हे तुम्ही ज्या सुरात सांगितलंत, त्या सुरात आमच्याकडे माणसं गेल्याचं सांगतात. मी खरंच दोन क्षण गप्प उभी राहिले. मग आकडा आला. पीसीबीचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या बोर्डाचे, 7,400, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,732. व्होल्टेज वरखाली होतं, त्यानं जातो, आजकाल सगळ्यांचेच जातात. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करण्याचे 590 रुपये व्हिजिट चार्ज झाले. शिवाय जाताजाता क्षार काढायच्या पावडरचे दोन पुडे माझ्या हातात आले, ते कधी आणि कसे, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सासूबाई ड्राय बाल्कनीत शिरल्या. शिक्षण जुनी सातवी. मशीनचा त्यांना मुळातच राग आहे, कारण ते गोधडी धूत नाही. नाचतं आणि थांबतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'पाणी बारीक का येतंय गं?' नळ तर धो धो चालत होता. त्यांनी प्लग काढायला लावला, नळ बंद केला, खाली बादली ठेवली आणि मशीनच्या मागचा पाइपचा आटा हातानं फिरवून सोडवला. पाइप जिथे मशीनला लागतो, तिथे आत एक प्लॅस्टिकची जाळी असते. अंगठ्याच्या नखाएवढी. ती त्यांनी पकडीनं ओढून काढली. जाळी कसली, चिखलाची वडी होती ती. मे महिन्यात आमच्या बोअरला कोरड पडते आणि सोसायटी टँकरवर जगते. 2021 साली वाघोली पुणे महापालिकेत गेली, तरी टँकर काही गेला नाही. त्या टँकरच्या तळाचा सगळा गाळ तिथे येऊन बसला होता. जुन्या टूथब्रशनं घासली, नळाखाली धरली, परत बसवली. सगळं मिळून दहा मिनिटं. मशीन घटाघट पाणी प्यायला लागलं.

मग मी मशीनसोबतचं पुस्तक शोधलं. ते वॉरंटी कार्डासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सहा वर्षं न उघडता पडलं होतं. हा माझा गुन्हा, कबूल. त्यात त्या दोन अक्षरांचा अर्थ छापलेला आहे. पाणी येत नाही. नळ उघडा आहे का बघा, पाइप कुठे मुडपलाय का बघा, जाळी साफ करा. तीन ओळी. बोर्डाचं नावसुद्धा नाही.

म्हणजे बघा. मशीन व्हॉल्व्ह उघडतं, पाणी किती चढलं ते मोजतं, ठरलेल्या वेळेत पुरेसं चढलं नाही तर थांबतं आणि कारण लिहून दाखवतं. हे सगळं करतो कोण? बोर्ड. जो बिचारा कालपासून बोंबलून सांगत होता की मला पाणी मिळत नाहीये, त्याच्याच तोंडावर चादर ओढून तुम्ही मला त्याचा मृत्यूचा दाखला दिलात. साक्षीदारानं साक्ष दिली म्हणून त्यालाच फासावर चढवण्यातला प्रकार झाला हा.

पावडरीचंही सांगते. क्षाराचं पाणी हा आमचा रोग आहे, मान्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. आमच्या बोअरचा अहवाल या दुसऱ्या आकड्याच्याही पलीकडचा. पण क्षार धरतो तो मुख्यतः पाणी तापतं तिथे, हीटरवर. आणि आम्ही कपडे थंड पाण्यात धुतो. जो हीटर या घरात कधी पेटलाच नाही, त्याच्या शुद्धीसाठी तुम्ही मला दोन पुडे दिलेत. कधी लागलंच तर वाण्याकडचं लिंबूसत्त्व आहे, तेही आम्लच.

तर साहेब, हसून झालं. आता सरळ बोलते. तुम्हाला माहीत होतं. ती अक्षरं तुम्ही दिवसातून पाच वेळा बघत असाल. मे महिन्यात, टँकरच्या भागात, पाण्याची तक्रार म्हटल्यावर मशीन न ओढता जाळी आठवायला हवी, आणि ती तुम्हाला आठवली असणारच. तरी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललात. पैशांचा राग नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला पैशांचाही आला. पण त्याहून जास्त याचा आला, की सासूबाईंनी दार उघडून तुम्हाला 'ये बाळा' म्हटलं होतं, लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढून आलात म्हणून आधी पाणी दिलं होतं आणि तुम्ही त्यांच्यासमोर हे केलंत. लाज वाटायला हवी होती.

आणि वाटली होती, असा मला संशय आहे. म्हणून तर हे पत्र.

कारण निघताना तुम्ही एक गोष्ट केलीत. पिशवीची चेन लावलीत आणि उगाचच, सवयीनं असेल, मशीनचं दार उघडून ड्रम हातानं फिरवलात. कान जवळ नेलात. पुन्हा फिरवलात, वरखाली हलवून बघितलात. आणि म्हणालात, 'बेअरिंग थोडं बोलतंय, पण वर्षभर जाईल. आत्ता खोलू नका.' हे सांगून कंपनीला एक रुपया मिळणार नव्हता. उलट तिथे मोठं बिल सहज निघालं असतं. त्या अर्ध्या मिनिटात तुमचा चेहरा वेगळा होता. आयटीआय केलंय, असं तुम्ही पाणी पिताना सासूबाईंना सांगितलं होतं, ते मला तेव्हा खरं वाटलं.

मग तुम्ही जिन्यात उभे राहून फोनवर बोलत होतात. चोरून ऐकलं नाही, जिना पोकळ आहे. 'सर, सात कॉल झाले. स्पेअर एकच लागला सर. नाही सर, इथल्या मॅडम विचार करते म्हणाल्या. हो सर. महिनाअखेर आहे, माहितीये सर.' शेवटचं 'सर' फार हळू होतं. त्याआधी तुम्ही मला म्हणाला होतात, फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा मॅडम, नऊ दिले तरी आमचे कापतात.

ज्या माणसाला कानानं बेअरिंग कळतं, त्याच्या हातात कंपनी स्क्रू ड्रायव्हरऐवजी दरपत्रक देते. दिवसाला आठ घरं, पेट्रोल बहुधा स्वतःचं, आणि जाळी धुतली तर तुमच्या खात्यावर शून्य. 24 डिसेंबर 2022 ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, 1915 हा ग्राहकांच्या तक्रारीचा क्रमांक माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. मी तो फिरवायला घेतला होता. पण तिथे तक्रार केली तर ती वरून घरंगळत नेमकी तुमच्या डोक्यावर पडली असती आणि 'सर' जागच्या जागी राहिले असते. म्हणून ठेवून दिला.

फीडबॅकचा फोन आला. काम झालं का, विचारलं. झालं म्हटलं. कोणी केलं, ते त्यांनी विचारलं नाही. दहा सांगितले.

कळावे.

ता. क. गेल्या आठवड्यापासून कपडे पिळताना विमान उतरल्यासारखा आवाज येतोय. तुम्ही म्हणालात ते बेअरिंग असणार, आणि ते काही टूथब्रशनं व्हायचं नाही. कोणत्याही रविवारी या. मजुरी तुम्ही सांगाल ती, सासूबाई जेवायला वाढतील. कंपनीचा शर्ट तेवढा घरी ठेवून या.