अकरावा कुठे आहे?

क्रिकेटच्या नियमपुस्तकातला पहिलाच नियम खेळाडूंबद्दल आहे. संघात अकरा जण असावेत आणि नाणेफेकीपूर्वी कर्णधाराने त्यांची नावं लेखी स्वरूपात पंचांकडे द्यावीत. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी सोसायटीची टीम कधी चालवलेली नसणार. नाणेफेकीपूर्वी अकरा नावं! आमची अकरा नावं साधारण चौथ्या ओव्हरला नक्की होतात, तीही अकरावा माणूस रिक्षातून उतरताना दिसला तर. म्हणूनच टॉस जिंकला की आम्ही डोळे मिटून बॅटिंग घेतो. समोरच्यांना वाटतं, काय आत्मविश्वास आहे! खरं म्हणजे फिल्डिंगला तेव्हा सहाच जण आलेले असतात.

त्याच नियमात एक सवलतही आहे. दोन्ही बाजूंचं एकमत असेल तर अकरापेक्षा कमी किंवा जास्त खेळाडूंचे संघ चालतील, फक्त एका वेळी फिल्डिंगला अकरापेक्षा जास्त उभे करायचे नाहीत. जास्त! एवढं स्वप्न आम्ही कधी पडूही दिलेलं नाही.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची टेनिस बॉलची टीम मी सांभाळतो. मॅनेजर टीम निवडतो असा बाहेरच्यांचा समज असतो. आमची टीम निवडतात खेळाडूंच्या बायका, सासुरवाड्या, ऑफिसातले साहेब आणि गुडघे, साधारण याच क्रमाने. माझ्याकडे उरते ती फक्त यादी जाहीर करण्याची जबाबदारी. शनिवारी दुपारी ग्रुपवर पोल टाकला की तासाभरात चौदा-पंधरा जण ‘येणार’ म्हणतात. रात्री जेवणं आटोपली की गळती सुरू होते. ‘अरे, उद्या हिच्या मावशीकडे केळवण आहे, विसरलोच होतो.’ यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मावशी बी विंगच्या गच्चीवरून बघत असल्यासारखं ‘अरे वा, जरूर जा’ म्हणायचं आणि पुढच्याला फोन लावायचा.

या कामात माणसांची क्रिकेटेतर माहिती फार लागते. कोणाच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, कोणाच्या मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा कधी, हे मला तोंडपाठ आहे. आमचा ओपनर सीए आहे. जुलैअखेर रिटर्न, सप्टेंबरअखेर ऑडिट. त्यामुळे त्याचा फॉर्म एकदम ऑक्टोबरात परत येतो. सरकारने मुदतवाढ दिली की सगळा देश सुटकेचा निःश्वास टाकतो आणि आमची ओपनिंग जोडी पुन्हा मोडते. गणपतीत तर विचारूच नका. अर्धी टीम कोकणात, उरलेली आरत्यांना.

किट बॅग माझ्या गाडीच्या डिकीत कायमची मुक्कामाला आहे. तिच्यात चार स्टंप आहेत, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा बोटभर बुटका. कीपिंगचा उजव्या हाताचा ग्लोव्ह आहे, डाव्याचा शोध चालू आहे. एका बॅटच्या मुठीवर इतकी चिकटपट्टी गुंडाळली आहे की ती धरायला पंजा मोठाच हवा. शिवाय क्रेप बँडेज, कमरेचा पट्टा आणि दुखण्यावर मारायचा स्प्रे. पूर्वी बॅगेत बॉल जास्त असायचे, हल्ली औषधं असतात. बॅग उघडली की बॅटच्या आधी स्प्रेवर उड्या पडतात.

माधव मंत्र्यांची एक गोष्ट सुनील गावसकरांनी लिहून ठेवली आहे. मामांच्या कपाटात भारतीय संघाचे स्वेटर होते. एवढे आहेत तर एखादा मला द्या ना, असं छोट्या सुनीलने म्हटल्यावर मामांनी सांगितलं, तो घाम गाळून मिळवावा लागतो. आमच्याकडे टी-शर्ट आधी आले, मॅच नंतर ठरली. सातचा आकडा तिघांना हवा होता, दहाचा चौघांना. साइज मात्र झाडून सगळ्यांनी ‘एल’ कळवला, कारण ग्रुपवर सगळेच वाचत होते. टी-शर्ट आल्यावर निम्मे बदलून आणावे लागले. घाम गाळला तो मीच, दुकानाच्या फेऱ्या मारून.

मुंबईची कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्याच्या मोसमात खेळवली जाते, आणि ओल्या खेळपट्ट्यांनी तिथे भल्याभल्यांना बॅटिंग शिकवली. आमच्या ग्रुपवर आभाळ भरून आलं की फोटोसकट विचारणा होते, ‘कॅन्सल ना?’ म्हणून पावसाळ्यात आम्ही जाळी लावलेलं टर्फ तासाच्या बोलीवर घेतो. तिथे येतो वर्गणीचा प्रश्न. रिक्षेने येणारा कॉलेजचा पोरगा मैदानात पाय ठेवायच्या आधी पैसे देतो. सगळ्यात मोठ्या गाडीतून उतरणारे डॉक्टर ‘मी पाठवले होते ना?’ असं विचारतात. पाठवलेले नसतात. पण रविवारी सकाळी साडेसहाला फुकटात क्रेप बँडेज बांधून देणाऱ्या माणसाकडे हिशेब कोण काढणार?

कोणालाही वगळता येत नाही, ही या टीमची खरी घटना. सोमवारी सगळ्यांना एकाच लिफ्टमध्ये भेटायचं असतं. वगळता येत नाही म्हणून आम्ही पंचवीस धावा झाल्या की रिटायर व्हायचा नियम केला, म्हणजे शेवटच्यालाही बॅट मिळावी. नियम सोपा, अंमलबजावणी अवघड. 1988 साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि कांबळी 664 धावांची भागी करत होते. डाव सोडा, असे बाहेरून इशारे चाललेले, आणि पोरं तिकडे बघायचंच टाळत होती, असं सांगतात. आमचे साठीचे काका तेविसावर पोहोचले की तंतोतंत तसेच वागतात. मी हात हलवतो, स्कोअरर ओरडतो, काका फिल्डर मोजत राहतात. त्यांचं वय आणि सोसायटीच्या कमिटीतलं त्यांचं पद लक्षात घेता पंचांचाही आवाज चढत नाही.

येत्या रविवारी शेजारच्या कॉम्प्लेक्सशी मॅच आहे. परवा त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. आवाजावरूनच ओळखलं, समदुःखी आहे. ‘तुमचे किती?’ ‘आत्ता सात धरा. तुमचे?’ ‘आमचेही तेवढेच. सात-सातचीच खेळू या का?’ मी म्हटलं, चालेल, लगेच ग्रुपवर टाकतो. तर हा माणूस घाईघाईने म्हणाला, ‘नको हो, आत्ता अजिबात टाकू नका. सातच लागणार असं कळलं, तर अकराच्या अकरा येतील.’