रॅम टाकून पाहू

खानदेशात जुना संगणक सहसा मरत नाही, कारण त्याला मरू न देणारा एक तरी माणूस गल्लीत असतोच. वय पंचेचाळीसच्या पुढे. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, लग्नपत्रिका जुळवणारा डीटीपीवाला, अडत दुकानात टॅली सांभाळणारा दिवाणजी, नाहीतर केळीच्या विम्याचे फॉर्म भरून देणारा सेवा केंद्रचालक. धंदा कोणताही असो, खूण एकच. कुणाच्याही घरी, कोणत्याही प्रसंगी, अगदी दहाव्याच्या बैठकीतसुद्धा, ‘आमचा कॉम्प्युटर हल्ली फार स्लो झालाय’ हे शब्द कानावर पडले की तो मान वळवतो आणि म्हणतो, ‘रॅम टाकून पाहू.’ त्याच्या स्वतःच्या घरात लोखंडी टेबलावर, एका बाजूचा पत्रा काढलेला डबा अखंड घरघरत असतो. तो का बदलत नाही असं विचारलं, तर धुळ्याकडचा असल्यास तोच उलट विचारतो, ‘चाली ऱ्हायना ना भो, मंग काबरं बदलाना?’ जळगावचा असेल तर हेच वाक्य जरा इस्त्री करून ऐकवतो.

लोक त्याला चिक्कू म्हणतात. घरचे म्हणतात, शालक म्हणतो, आणि नवा संगणक विकायला बसलेला दुकानदार तर मनापासून म्हणतो. मला हा आरोप मान्य नाही. चिक्कू माणूस खर्च टाळतो; हा गृहस्थ वर्षातून दोनदा तरी पाकीट उघडतो. नीट पाहिलं तर तो नवा संगणकच विकत घेत असतो. फक्त एका दिवसात न घेता आठ-दहा वर्षांत घेतो, सुटा सुटा घेतो, रोखीने घेतो आणि आपण नवा घेत आहोत हे स्वतःलाही कळू देत नाही.

पुरावा डब्यातच आहे. एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ साली सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावापर्यंत संगणकाचे क्लास पोहोचले. त्या लाटेत, २००८-०९ च्या सुमारास, हा डबा घरात आला: जी-३१ चा बोर्ड, ड्युअल कोअर प्रोसेसर, एक जीबी डीडीआर-२ रॅम, विंडोज एक्सपी आणि पोटाएवढा खोल मॉनिटर. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरून हात काढला, तेव्हा विंडोज ७ आलं आणि त्याच्यासाठी रॅम वाढली. मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि बोर्ड गेला. त्या जागी एच-६१ चा बोर्ड आणि कुठल्याशा कंपनीतून निघालेला तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह बसला. जुनी रॅम नव्या बोर्डात बसेना म्हणून डीडीआर-३ आली. मॉनिटर सपाट झाला. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून एसएसडी आली. आज मूळ डब्यातलं काय उरलंय ते पाहावं तर पत्रा, फ्लॉपीच्या जागेचं झाकण आणि खंडेनवमीला वर्षानुवर्षं लागत गेलेलं हळदकुंकू. तरीही मालक अभिमानाने सांगतो, ‘पंधरा-सोळा वर्षं झाली, अजून तोच चालवतोय.’

या खरेदीचा क्रम मात्र शास्त्रात बसत नाही. त्याची पहिली श्रद्धा रॅमवर आहे, कारण रॅम समजते. जास्त घातली की जास्त होते, हा हिशेब धान्याच्या कोठीपासून तोंडपाठ असतो. त्यामुळे दोनाची चार झाली तेव्हा तो हरखला आणि त्याच संध्याकाळी हादरला, कारण पडद्यावर चारपैकी वापरण्याजोगी सव्वातीनच दिसली. ३२ बिटांच्या विंडोजला चार जीबीपलीकडचे पत्ते मोजता येत नाहीत, आणि त्या चारातलेही काही पत्ते ग्राफिक्सपासून इतर भागांपर्यंत सगळ्यांना वाटून द्यावे लागतात. दोष कुणाचाच नसतो. पण ज्या गावात सोनं गुंजेपर्यंत तोललं जातं तिथल्या गिऱ्हाइकाला हे कसं पटावं? तो पावती घेऊन जळगावच्या गोलाणी मार्केटचा जिना चढतो आणि काउंटरवरच्या मुलाला शांतपणे विचारतो, ‘बाकीची पाऊण कुठंय?’ तो मुलगा ६४ बिटांची विंडोज टाकून देतो, पाऊण जीबी परत मिळते, आणि दुकानदाराने दाबलेला माल आपण सोडवून आणला अशी कथा पुढे गल्लीत रुजते.

खरा चमत्कार रॅमने केलाच नव्हता. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर सरकणारा एक हात. विखुरलेली माहिती गोळा करायला हा हात सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे ठिकाणी पोहोचतो. एसएसडीत हलणारं काहीच नसल्याने तेच काम हजारोंच्या हिशेबाने होतं. २०२३ च्या आसपास २४० जीबीची एसएसडी दीड हजाराच्या घरात मिळत होती, आणि तेवढ्या पैशात चहा उकळेपर्यंत चालू न होणारा डबा अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला. अर्ज भरणं, पत्रिका जुळवणं, बिलं काढणं या कामांत पुढे तीस हजारांच्या नव्या यंत्राशी त्याचा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. अपग्रेडवाल्याच्या बाजूने एवढा एकच साक्षीदार उभा केला तरी खटला निम्मा जिंकता येतो. गंमत अशी, की सगळं पुण्य तो अजूनही रॅमच्या खात्यावर जमा करतो.

हवामान त्याच्या बाजूचं नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पंखा कितीही लावला तरी प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. म्हणून तो एक पत्रा काढतो आणि टेबलफॅन डब्याच्या पोटात सोडतो. त्या वाऱ्याबरोबर काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगकडून उडून आलेला कापूस आत जाऊन बसतो. मग तो डबा गच्चीवर नेऊन ब्लोअरने झाडावा लागतो. कुलरचं तोंड डब्याकडे असावं की माणसांकडे, यावर घरात दर उन्हाळ्यात वाद होतो आणि दर वर्षी माणसं जिंकतात. ते बरंच आहे, कारण कुलरची ओलसर हवा बोर्डाला मानवत नाही. यूपीएसच्या बॅटरीचं तर ठरलेलंच. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण दर दहा अंशांच्या वाढीला निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि तो पंचवीस अंशांपासून मोजतात. आपल्याकडे पंचवीस अंश म्हणजे स्वेटर शोधायची वेळ. तेव्हा दोन वर्षांत बॅटरी फुगते, वीज गेल्यावर यूपीएस चार शिट्ट्या मारतो आणि आडवा होतो. या सगळ्यातून आलेलं ज्ञान पुस्तकी नसतं. एसएमपीएसवर ४५० वॅट छापलंय की ५००, याकडे तो पाहतही नाही. हातात घेऊन वजन करतो. हलका असेल तर खाली ठेवतो. डबा बीप बीप करून पडदा काळाच ठेवू लागला की पोराच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन रॅमचे सोनेरी दात घासतो. हसणाऱ्यांनी हसावं, पण त्या दातांवर साचलेला थर निघतो आणि संगणक चालू होतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. सगळे तुकडे जोडले तर दहा-बारा हजार झाले, तेवढ्यात कंपनीतून निघालेला बरा, तयार संगणक आला नसता का? आला असता. पण दहा हजार एकरकमी कोणत्या महिन्यात होते, हे आक्षेप घेणारा सांगत नाही. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि बराचसा आधीच ठरलेल्या घरी जातो. विनाअनुदानित शाळेचा पगार कधी येईल हे संस्थाचालकालाही माहीत नसतं. हप्त्यावर घ्यावं तर हप्त्याला पीक कसं आलं याच्याशी देणंघेणं नाही. दीड हजाराची वस्तू मात्र रोखीने घेता येते, आणि त्यानंतर वर्षभर काहीच घेतलं नाही तरी कुणी दारात येत नाही. दुसरं असं, की सोन्याला मोड आहे. आजीची पाटली मोडली तर घडणावळ जाईल, पण सोन्याचा भाव मिळतो. डबा मोडायला नेला तर भंगारवाला त्याचा पत्रा तोलतो. म्हणजे विकायला गेलं तर ज्याची किंमत पाचशे रुपये, तेच यंत्र घरात पूर्ण काम देतंय. ते देऊन टाकणं म्हणजे पाचशे रुपयांत पूर्ण काम विकणं. या हिशेबात मला तरी खोट सापडत नाही. तयार संगणकाची एक अडचणही आहे. ऑप्टिप्लेक्ससारख्या कंपनी-छापाच्या काही डब्यांत बोर्डाचा वीजजोडच वेगळा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. सुटे भाग बदलण्यावर ज्याची हयात गेली त्याला हा डबा जातीबाहेरचा वाटतो, आणि एसएमपीएस जळाल्यावर तो बरोबर ठरतो.

विजेचा मुद्दा शालक हमखास काढतो, कारण त्याच्याकडे लॅपटॉप आहे. जुना डबा शंभर वॅट खातो आणि नवा पन्नास, असं धरू. दिवसाला आठ तास चालवला तर महिन्याला बारा युनिट वाचतील, दहा रुपये युनिटने एकशेवीस रुपये. पंचवीस हजारांचा नवा संगणक या बचतीतून फेडायला सतरा वर्षं लागतात. तोवर शालकाचे तीन लॅपटॉप होतील.

घरात त्याचा खरा पराभव होतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आंब्याचा रस निघतो आणि भाचा डब्यासमोर बसतो. पूर्वी त्याचं व्हाइस सिटीवर भागायचं आणि मामा थोर होता. आता त्याला जो गेम हवा असतो तो ग्राफिक्स कार्ड मागतो, कार्ड मोठा एसएमपीएस मागतं, एसएमपीएस नवा डबा मागतो, आणि मामाच्या लक्षात येतं की एका तुकड्याच्या वाटेने आपल्याला अख्खा संगणक विकला जातोय. इथे तो रॅमचं नावसुद्धा काढत नाही. भाच्याला कुल्फीला पैसे देतो.

एक आक्षेप मात्र त्याला जड जातो, आणि जायलाच हवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मिळाली ती तात्पुरती मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह दारातच अडतो. आपला माणूस रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून मागच्या दाराने विंडोज ११ आत घेतो आणि आठवडाभर मिरवतो. त्याच्या कोअर टू ड्युओवाल्या मित्राला ते दारही बंद आहे, कारण २०२४ च्या आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला येतच नाहीत. लिनक्स मिंट फुकट आहे आणि अशा डब्यावर पळतंही छान. पण जुन्या मराठी फॉन्टचं पॅकेज, टॅली आणि सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र विंडोजशी बांधलेलं, आणि पोट त्यांच्यावर. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरांत लिहिलेलं असतं आणि घरच्यांना तो पडद्याचाच भाग वाटतो. इथे मी त्याची वकिली सोडतो. पत्रिका जुळवणारा डबा इंटरनेटची तार काढून दहा वर्षं चालवावा, कुणाचं बिघडत नाही. पण ज्यावर लाडक्या बहिणींची आधार कार्डं स्कॅन झाली आणि शेतकऱ्यांची बँकखाती भरली गेली, तो दुरुस्त्या बंद पडलेल्या विंडोजवर चालवणं ही काटकसर नाही. त्यात दुसऱ्याचा पैसा पणाला लागतो. हे त्याला पटतं. तो मान डोलावतो, आठव्या पिढीचा बोर्ड जुना केवढ्याला मिळेल याची चौकशी करतो, आणि पत्रा तोच राहील ना याची खात्री करून घेतो.

एवढ्यात जगानेच त्याच्या श्रद्धेला दुजोरा दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्या, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा किरकोळ गिऱ्हाइकांचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ही बातमी त्याने कापूस वधारल्याच्या आनंदाने वाचली. ड्रॉवर उघडला, बटण-सेल, जुने स्क्रू आणि केबलींच्या खालून एक जीबीची पट्टी काढली, खोडरबराने घासली आणि गोलाणीत भाव विचारायला नेली. मुलगा म्हणाला, ‘नाना, ही डीडीआर-२ आहे, हिला आता कोण घेणार?’ नानांनी ती परत खिशात घातली आणि सांगितलं, या भावात द्यायची नाही, अजून चढेल.