फक्त शैक्षणिक कामासाठी

विद्यापीठांतल्या संगणक प्रयोगशाळांच्या दारावर बहुधा दोन पाट्या असतात. ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही एक आणि ‘संगणकाचा वापर फक्त शैक्षणिक कामासाठीच करावा’ ही दुसरी. पहिली शहाणी आहे. तुम्ही कुठून आणि कशासाठी चालत आलात हे ती विचारत नाही, धूळ तेवढी आत आणू नका म्हणते. दुसरीला मात्र धुळीशी कर्तव्य नाही, तिला तुमच्या मनात डोकवायचंय. माझं म्हणणं एवढंच की वापराचे नियम पहिल्या पाटीच्या वळणाचे हवेत.

पुरावा द्यायचा तर केंब्रिज विद्यापीठाचा घ्या. १९९१ साली तिथल्या संगणक विभागातल्या संशोधकांत मिळून कॉफीचं भांडं एकच होतं आणि इमारतीच्या दुसऱ्या भागांतून जिने तुडवत येणाऱ्याच्या नशिबी नेमकं ते रिकामं असायचं. मग त्या विद्वानांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि विभागाच्या नेटवर्कवर चित्र सोडलं. काळंपांढरं, मिनिटाला दोनतीनदा बदलणारं, पण कॉफी आहे की नाही हे जागेवरून सांगणारं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि वेबकॅमचा मूळपुरुष ठरलं. आता ही कॉफी कुठल्या अभ्यासक्रमात बसवणार? उलट १९८८ चा नोव्हेंबर पाहा. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एमआयटीच्या संगणकावरून एक ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत नेटवर्कभर पसरणारा प्रोग्राम, सोडला. हेतू काय, तर नेटवर्कच्या सुरक्षेतल्या त्रुटी दाखवून देणं. न्यायालयाच्या निकालातच तसं नमूद आहे. याहून शैक्षणिक काय असतं! पण त्याचा हिशेब चुकला, एकेका यंत्रात वर्मच्या प्रतींवर प्रती साचल्या आणि अमेरिकाभरातले संगणक माना टाकू लागले. मॉरिसला १०,०५० डॉलर दंड आणि ४०० तास समाजसेवा झाली. (पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला, हा भाग वेगळा.) दुसऱ्या पाटीच्या न्यायाने कॉफीवाले गुन्हेगार आणि मॉरिस गुणी विद्यार्थी.

यावर कुणी म्हणेल, मग वसतिगृहातली पोरं विद्यापीठाच्या नेटवर्कवरून रात्रभर सिनेमे उतरवतील आणि ज्याला सकाळी परीक्षेचा अर्ज भरायचाय तो फिरतं चक्र बघत बसेल. तक्रार खरी आहे, पण ती सिनेमाबद्दल नाही, जागा अडवण्याबद्दल आहे. दोन जीबींचा एकच सिनेमा जनसंवाद विभागात गृहपाठ असतो आणि वसतिगृहात गैरवापर. तारेला दोन्हीचं वजन सारखंच. तेव्हा माणशी डेटाची मर्यादा घाला, चोरीच्या प्रतीला कायदा दाखवा, आणि कोण काय बघतोय ते ज्याच्यात्याच्यावर सोडा.

दुसरा आक्षेप करदात्यांच्या पैशाचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रंही त्याच पैशांतून येतात, आणि दुपारी बारापर्यंत त्यांतलं शब्दकोडं कुणीतरी सोडवून ठेवलेलं असतं. त्याविरुद्ध परिपत्रक निघाल्याचं ऐकिवात नाही. मागून येणारे चरफडतात ते कोडं सोडवलं म्हणून नव्हे, पेनाने सोडवलं म्हणून.