जुनं जहाज घेतलंय? आता भांडायला कोर्ट शोधा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्ही शहाणे असता तर पंचवीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं मालवाहू जहाज ‘आहे तसं, आहे तिथे’ या अटीवर घ्यायला गेलाच नसतात. पण गेलात, दहा टक्के इसार भरलात, आणि आता विकणारा जहाज द्यायला तयार नाही. घाबरू नका. अमेरिकेत सागरी भांडणांसाठी अ‍ॅडमिरल्टीचं खास अधिकारक्षेत्र आहे. तिथे फेडरल न्यायाधीश बसतो, ज्युरीची कटकट सहसा नसते, आणि समोरच्याची मालमत्ता खटल्याच्या सुरुवातीलाच अडकवून ठेवता येते. तुमचं भांडण जहाजाचंच, तेव्हा ते तिथे चालणारच, असं तुम्हाला वाटतंय ना? छान. पुढच्या पायऱ्या तुमच्यासारख्यांसाठीच आहेत.

1. आधी हुरळून जा. जहाज भाड्याने घेतलं आणि वाद झाला, तर तो सागरी करार, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीत प्रवेश. जहाज दुरुस्त केलं, तरी सागरी. विमा उतरवला, तरी सागरी. एका आजारी खलाशाला कंपनी म्हणाली, खासगी डॉक्टर कशाला, सरकारी इस्पितळात जा, काही बिघडलं तर आम्ही निस्तरू. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळं तोंडी ठरलं होतं, कागदावर काही नाही. 1961 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे आश्वासनसुद्धा सागरी करारात बसवलं. एवढी मोठी झोळी! तुमचं अख्खं जहाज तिच्यात सहज मावेल.

2. मावत नाही. 1918 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने ‘एडा’ जहाजाच्या खटल्यात सांगून टाकलं की जहाजाच्या विक्रीचा करार हा सागरी करार नव्हेच. याचं मूळ आणखी मागे, 1858 मध्ये सापडतं. बॉस्टनच्या एका फेरी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जहाज बांधायचा करार जमिनीवर होतो, बांधकामही जमिनीवर होतं, मग यात समुद्र आला कुठून? बांधायचा करार सागरी नाही, तर विकायचा तरी कसा असेल? पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल ही आपली म्हण त्या न्यायमूर्तींच्या कानावर नसावी, पण निकाल अगदी तिच्याबरहुकूम आहे: मोल बाहेर झालं ना, मग बाहेरच भांडा. इथे निराश होऊन राज्याच्या साध्या कोर्टात जाऊ नका. तिथे तुमचं ऐकून घेतील, मग मजा काय राहिली?

3. शब्द बदलून बघा. 1920 मध्ये एक शिडाचं जहाज सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. त्याचा सांगाडा पाण्यात उतरला होता, तरंगत होता, पण डोलकाठ्या वगैरे बाकीचं काम राहिलं होतं. न्यायालय म्हणालं, हे अजून बांधकामच, सागरी नाही. दोनच वर्षांनी ‘जॅक-ओ-लँटर्न’चा खटला आला. रेल्वेचे डबे वाहणारा तराफा, त्याची करमणुकीची आगबोट करायची होती. हे काम मात्र न्यायालयाने दुरुस्तीत धरलं, म्हणजे सागरी! थोडक्यात, जहाजाला डोलकाठ्या बसवणं समुद्राचं काम नव्हे, तराफ्यावर जलसाघर उभारणं मात्र आहे. तुम्हीही आपल्या विक्रीला ‘मालकाची दुरुस्ती’ म्हणून पाहा. वकील हसला तर तो अननुभवी समजा.

4. पैसे मागू नका, जहाज मागा. ही तज्ज्ञांची खास युक्ती. जहाजाचा ताबा किंवा मालकी कोणाची, हा दावा अ‍ॅडमिरल्टीत चालतो. अट एवढीच की कायद्याने मालकी तुमच्या नावावर आधीच असावी. ‘करारानुसार मला मालक करायला हवं होतं’ एवढंच तुमचं म्हणणं असेल तर तो दावा विक्रीचा, आणि विक्रीचा म्हटला की परत पायरी 2. ज्याच्याकडे जहाज आहे त्याला दार उघडं, ज्याला मिळालंच नाही त्याला बंद. तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेचं मात्र बरं आहे. तिचं तारण नीट नोंदवलेलं असेल तर 1920 च्या कायद्यापासून ती थेट अ‍ॅडमिरल्टीत जाते. त्या कर्जाने घेतलेलं जहाज बाहेर, कर्ज आत. बँकेच्या माणसाकडे पाहून हसा, हप्ते अजून चालू आहेत.

5. जन्म योग्य वेळी घ्या. 2002 ते 2009 हा सुवर्णकाळ होता. दावा सागरी असला की न्यूयॉर्कच्या बँकांतून नुसते जाता जाता दिसलेले समोरच्याचे डॉलरही गोठवता येत. जगातले निम्मे डॉलर मॅनहॅटनवरून जातात की काय असं वाटावं, अशी झुंबड उडाली. ऑक्टोबर 2008 ते जानेवारी 2009 या चार महिन्यांत असे 962 दावे दाखल झाले, तिथल्या फेडरल जिल्हा न्यायालयातल्या एकूण दाव्यांच्या 33 टक्के! साहजिकच, आपलं भांडण सागरी आहे असं अचानक सगळ्यांनाच वाटू लागलं. ऑक्टोबर 2009 मध्ये अपील न्यायालयाने हे दुकान बंद केलं, तेही मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या खटल्यात. तुम्हाला उशीर झाला. वाईट वाटतं.

6. घेतलंय ते जहाजच आहे ना, हे तपासा. फ्लोरिडातल्या एका गृहस्थाचं तरंगतं घर नगरपालिकेने जहाज म्हणून अडकवलं, लिलावात स्वतःच घेतलं आणि मोडून टाकलं. त्यानंतर, 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते जहाज नव्हतंच. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी तरंगूनही जहाज नसलेल्या वस्तूंची यादीच दिली: धुण्याचा लाकडी टब, भांडी धुण्याचं प्लास्टिकचं घमेलं, बिजागरीतून निखळलेलं दार, आणि देवमाशाच्या पोटातला पिनोकियो.

7. आता करार उघडा. हो, आत्ता, आधी वाचण्याची सवय चांगली नाही. बहुतेक तो नॉर्वेच्या दलालांच्या छापील नमुन्यावर असेल. त्यात वेगळं काही भरलं नसेल तर कायदा इंग्लंडचा आणि लवाद लंडनचा. म्हणजे वरच्या सहा पायऱ्या तुम्ही व्यायाम म्हणून चढलात.

एवढं करूनही जहाज अडकवायचंच असेल, तर ते मुंबईच्या पाण्यात येईपर्यंत दम धरा. आपल्याकडे या खटल्यांचा कारभार व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या 1840, 1861 आणि 1890 च्या कायद्यांवर चालत होता. संसदेने 2017 मध्ये नवा कायदा केला आणि तो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. त्यातल्या सागरी दाव्यांच्या यादीत जहाजाच्या विक्री-करारातून उद्भवलेला वाद सरळ एका ओळीत लिहून टाकलाय. मुंबईसह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना तो ऐकता येतो. फक्त जहाज त्या वेळी भारताच्या सागरी हद्दीत हवं, आणि विकणाऱ्याने हा लेख वाचलेला नसावा.