नानांच्या डिस्कांचा गृहप्रवेश

नवा कॉम्प्युटर जुळवायला निघालेली माणसं प्रोसेसरची चौकशी करतात. नाना विचारतात, "हार्डडिस्क किती बसतील?" तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराला वाटतं, गिऱ्हाईक चार-पाच नव्या घेणार. तेवढ्यात नाना पिशवीतून एकेक जुनी डिस्क काढून काउंटरवर मांडतात. प्रत्येकीला बनियनचं दुपटं. (पिशवी जड असते, म्हणून मी सोबत.)

सगळ्यात थोरली 40 जीबीची. तिला रुंद पट्टीची चाळीस पिनांची केबल लागते आणि नव्या मदरबोर्डवर तिला जागाच नाही. "मग अ‍ॅडॅप्टर दे. आजीला सीट मिळाली नाही म्हणून तिला स्टँडवर सोडून यायचं का?" दुसरी सुरू झाली की टकटक वाजते, नाना म्हणतात, तिचा स्वभावच तसा. तिसरी एक टीबीची. ती लावली की 931 जीबीच दिसते. हजार आणि 1024च्या हिशेबाचा हा फरक मी दोनदा समजावला, पण उरलेली दुकानदाराने खाल्ली यावर नाना ठाम आहेत.

आत काय आहे? 'जुना डी ड्राइव्ह'. त्यात 'जुन्या डी ड्राइव्हचा बॅकअप', त्यात 'नवीन फोल्डर 3', आणि त्यात पुतण्याच्या मुंजीचे तेच फोटो, चौथ्यांदा. पुतण्याला आता टक्कल पडलंय. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर आहे. श्रीलिपीत टाइप केलेलं सोसायटीचं इतिवृत्तही आहे. तो फॉन्ट आता नाही, त्यामुळे पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. सभेत वाचलं होतं तेव्हाही फार काही कळलं नव्हतं म्हणा.

खरं तर ही सगळी उलाढाल विंडोज 10 सोडण्यासाठी. 14 ऑक्टोबर 2025 ला तिचे मोफत अपडेट थांबले आणि नानांच्या जुन्या मशीनला 11 झेपेना.

पोरगा जाणता निघाला. "काका, आधी एकटी नवी एसएसडी लावू, तिच्यावर विंडोज टाकू, जुन्या मागाहून जोडू. नाहीतर बूटचा भाग जाऊन बसतो जुन्या डिस्कवर. पुढे ती काढली की मशीन उठतच नाही."

मी मान डोलावली. नानांनी नाही.

"वास्तुशांतीला घरची मंडळी बाहेर उभी करतात का रे?"

झालं. अ‍ॅडॅप्टरवाल्या थोरलीसकट सगळ्या जोडल्या गेल्या. पोराने बटण दाबलं. काचेआड पंखे निळे-जांभळे उजळले, टकटक झाली, आणि नव्या कोऱ्या मशीनवर उघडली ती विंडोज 10. मागे 2017 सालचा गणपतीपुळ्याचा फोटो, डाव्या कोपऱ्यात 'नवीन फोल्डर 3'.

पोराने कपाळाला हात लावला. नानांनी खुर्ची पुढे ओढली.

"बघ, सगळं जिथल्या तिथे! उगाच घाबरवत होतास."